दिवाणामागची मॅट भिंत

२९ सप्टेंबर २००९, मंगळवार
दसऱ्यापासून रोजनिशी लिहिणार होतो, काल पेन सापडला नाही. आजपासून पक्कं. नियम एकच: खोटं लिहायचं नाही.
काल साहेबांकडे सोनं द्यायला गेलो. त्यांची बैठक मॅट पेंटची. चमक नाही, काही नाही, नुसती मखमल! ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी बसणारा टेकचंदही आला होता, पण तो चिवडा खाण्यात गुंग. भिंतीकडे त्याचं लक्षच नाही. असल्या गोष्टी दिसायला नजर लागते.
निघताना साहेबांना दिवाळीच्या फराळाला बोलावून टाकलं. येतो म्हणाले. म्हणजे आता आपली बैठक मॅट करणं आलंच.

३० सप्टेंबर, संध्याकाळ
बैठकीची पाहणी केली. दिवाणामागे भिंतीवर डोक्याएवढा काळा तेलकट डाग. छी! बाबांचा, दुसऱ्या कोणाचा? आई गेल्यावर मी त्यांना चिचगडहून इथं गोंदियाजवळ फुलचूरला आणलं, त्याला दोन वर्षं झाली. दिवसभर डोक्याला दुपट्टा गुंडाळून तिथंच टेकून बसलेले असतात.
अल्काला डाग दाखवला. तिनं आधी डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला गेली. बायकोला घराची काही पडलेली नाही.

४ ऑक्टोबर, रविवार
सुखराम पेंटर येऊन गेला. हिंदीत लेक्चर. म्हणे, बाबूजी, मॅट दिखता अच्छा है, पर तेल का दाग लगा तो गया. रगडोगे तो चमकेगा, टचअप करोगे तो पॅच दिखेगा. दिवाणामागे तरी धुता येईल असा पेंट लावा म्हणाला. मी म्हटलं, डाग लावणारा माणूस मला माहीत आहे, त्याचा बंदोबस्त माझ्याकडे. तू मॅट लाव.
बाबा तिथंच बसून होते. ऐकलं असेल. बरंच झालं, वेगळं सांगायला नको.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
खरडणं, पुट्टी, प्रायमर, दोन हात. सगळं झालं. रंग बदामी. डोळे निवले. उद्यापासून पहाटे फिरायलाही जाणार.

१० ऑक्टोबर
फिरायला गेलो नाही. नव्या रंगाच्या वासानं झोप पुरी झाली नाही.
बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. बैठकीच्या बरोब्बर मध्ये ठेवली, चारही भिंतींपासून लांब. यापुढे दिवाण बंद, खुर्चीवर बसायचं, असं समजावून सांगितलं. बाबा बरं म्हणाले. भांडतील असं वाटलं होतं. वयानं माणूस समजदार होतो.

१२ ऑक्टोबर, सोमवार
सुट्टी टाकली. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेऊन राहिले होते. मान पुढे पडे, की दचकून सरळ होत. त्यांची पाठ दुखत असेल, असं अल्का म्हणाली. मी म्हटलं, ताठ बसणं तब्येतीला चांगलं.
जेवण करून मी दिवाणावर पेपर वाचत जरा पडलो. दोन तास मस्त झोप लागली.

१३ ऑक्टोबर
घात झाला! दिवाणामागे ताजा डाग!!
बाबांवर ओरडलो. चारदा सांगून समजत नाही का, म्हटलं. चिचगडच्या मातीच्या घरात चालतं ते इथं चालणार नाही, असंही म्हटलं. शेजारची शामकला विरजण मागायला आली होती, ती तशीच वाटी घेऊन परत गेली. बाबा खाली पाहून म्हणाले, लागला असन.
तिच्यासमोर ओरडायला नको होतं. पण भिंत नवी होती.
ओल्या फडक्यानं डाग घासला. डाग तसाच, वरून तिथं चमक आली.

१४ ऑक्टोबर, बुधवार
बाबा सकाळच्या बसनं चिचगडला गेले. धान कापाले आलं म्हणे. दिवाळी तीन दिवसांवर असताना! शेतकऱ्याला शेताची ओढ, दुसरं काय. अल्कानं डबा बांधून दिला आणि डोळे पुसत बसली. स्टँडवर मीच सोडायला जाणार होतो, पण टचअप करायला घेतला होता.
टचअप ताटाएवढा. वाळल्यावर वेगळा दिसतो.

१५ ऑक्टोबर
टचअप परातीएवढा केला. अजून वेगळा दिसतो.

१६ ऑक्टोबर
दरवाजाएवढा. लांबून पाहिलं तर चालतं. आता घरात डाग लावणारं कोणी नाही, ही जमेची बाजू.
खुर्ची मध्येच पडून आहे. येता-जाता पायात येते.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
साहेब उद्या येणार. केसांना डाय केला, वर आवळ्याचं तेल चोपडलं. पन्नाशीला इतके केस अख्ख्या ऑफिसात कोणाचे नाहीत. पूजा झाल्यावर दिवाणावर पाच मिनिटं टेकलो.

१८ ऑक्टोबर, रविवार
लिहू नये असं वाटतं. पण नियम आहे.
साहेब आले. चकली खाता खाता माझ्या मागे पाहत राहिले. वळून पाहिलं तर डाग. काळा, गोल, ओलसर. बाबा जाऊन चार दिवस झालेले. साहेबांनी विचारलं, वडील दिसत नाहीत? मी म्हटलं, धान कापायला गेले.
ते गेल्यावर अल्कानं आतून माझ्या उशीची खोळ आणली आणि डागाशेजारी धरली. तोच काळा, तेवढाच गोल. मग विचारलं, बाबांचं डोकं दुपट्ट्याशिवाय तुम्ही कधी पाहिलंय का?
पाहिलेलं नाही. आईच्या तेराव्यानंतर नाहीच.
तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस, म्हटलं. म्हणाली, बाबांनीच शपथ घातली होती.
लाज वाटते. शामकलासमोर ओरडलो त्याची तर फारच.

२० ऑक्टोबर, मंगळवार. चिचगडहून परत
माफी मागायची ठरवून गेलो. बसमध्ये तीनदा मनात म्हणूनही पाहिली.
गावात मंडईची जत्रा होती, पण बाबा घरीच होते. ओसरीची भिंत नुकतीच चुन्यानं पोतली होती. मी टेकणार तेवढ्यात त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, घडी केली आणि माझ्या डोक्यामागे लावला. म्हणाले, तुह्या डोक्याचं तेल लागते, लहानपणापासूनच लागते.
बाबांचं डोकं पूर्ण पिकलं आहे. मला माहीतच नव्हतं.
तेव्हा काऊन नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, लोकाइसमोर तुले कायले खोटं पाडू? तू म्हणून राहिला होता डाग माह्या आहे, तं माह्या.
गोंदियाला चला म्हटलं. धान निघाल्यावर येतो म्हणाले, पण ते खुर्ची कोणाले तरी देऊन टाक.
हो म्हटलं. माफी राहूनच गेली.
निघताना त्यांनी दुपट्टा पिशवीत घालून दिला, बसमध्ये कामात येईल म्हणाले. वाटेतल्या कोहमाऱ्यापर्यंत झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीच्या काचेवर डाग होता. शेजारची बाई पाहत होती. दुपट्टा पिशवीतच होता.