दुकानात पाहिलेली खोली

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज कारखान्यात काजू निवडताना दिवसभर त्या दुकानाचाच विषय. पेडण्याच्या हमरस्त्यावर परदेशी फर्निचरचं दुकान उघडलंय ना — माझ्या शेजारी बसणारी शीतल जाऊन आली. एवढं मोठं की मधेच दम लागतो म्हणे, आणि बसायला जागोजागी कोच, विकायचेच. कोणी उठवत नाही! जमिनीवर बाण काढलेत, त्यांच्यामागून चालायचं. तिचा नवरा बाण सोडून गेला, तो निघाला थेट पाळण्यांमध्ये. गोणी उचलणारा धाकू म्हणाला, त्याने तिथल्या न्हाणीतला नळ सोडून बघितला, पाणीच नाही. सगळ्या हसलो.

भाच्याचं, साईशचं, लग्न ठरलंय. माडीवर त्याची खोली होत आली. पलंग तिथूनच घेऊ, माझा भाऊ जयराम म्हणाला. रविवारी जायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. लाटंबार्शाहून आम्ही पाच जण गाडीत. पुढे जयराम आणि साईश, मागे भावजय वर्षा, भाची अंकिता आणि मी. वर्षा खिडकीला. वाटेत ती फारशी बोलली नाही. ती तशीच.

दुकान कसलं, गावच वसवलाय. सावंतवाडीच्या, कोल्हापूरच्या गाड्या लागलेल्या. आत खोल्यांमागून खोल्या मांडून ठेवल्यात. माणसं बिनधास्त शिरतात, पलंगावर पाठ टेकतात, कपाटं उघडून आत डोकावतात. एकजण पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर पाय लांब करून बसला होता, चेहरा अगदी बातम्या बघितल्यासारखा. आपण खुर्चीला कदेल म्हणतो आणि मोकळे होतो. तिथे प्रत्येक कदेलीला वेगळं नाव, एकही वाचता येईना.

साईशचा पलंग ठरायला वेळ लागत होता. मी जरा पुढे गेले. तिथे एक लहानशी खोली. पाटीवर काय आहे ते अंकिताने मागून ओरडून सांगितलं — एका माणसाचं घर. एकच पलंग, एक मेज, भिंतीवर फळी, कोपऱ्यात दिवा. बाकीच्या खोल्या एका बाजूने उघड्याच होत्या. हिला दार होतं. मी आत गेले, दार अर्धं ओढलं आणि मेजापाशी बसले.

कशाला बसले, माहीत नाही. बरं वाटत होतं.

एवढ्यात एक म्हातारी आत आली. नऊवारी, हातात पिशवी, थकलेली. दारातच थांबून विचारलं, "बाय, बसू मां?" मी पलंगाकडे हात केला. ती बसली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "घर बरां असा तुमचां. एकटीच ऱ्हवतास?"

मी म्हटलं, "होय."

हे दुकान आहे, असं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तिने गुडघे चोळले, सुनेला चालायची घाई फार, असं सांगितलं. मग तिचा मुलगा शोधत आला. जाताना तिने मला हात जोडले — कुणाच्या घरून निघताना जोडतात तसे. मीही जोडले.

बाहेर आले तर अंकिता हात धरून ओढायला लागली. आत्ये, तुझ्यासाठी काय घेतलंय बघ. सोफा. खालून ओढला की पलंग होतो. आता तुला रात्री बाहेर वसरीत जमिनीवर गादी घालायला नको! तिला इतका आनंद झाला होता. मी छान म्हटलं.

१० नोव्हेंबर

एका माणसाचंही घर असतं. कुणी ते मांडून, पाटी लावून ठेवलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोफा आला. वसरीत मांडला. मऊ आहे, खोटं कशाला बोलू. पण जयरामचे मित्र उठेपर्यंत तो पलंग होत नाही, आणि पाववाल्याची हाक यायच्या आत पुन्हा सोफा व्हावा लागतो. पूर्वी गादी गुंडाळत होते, आता पलंग ढकलते.

या घरात मला कुणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले, त्यांचं करण्यात माझं लग्न राहिलं — त्यात कुणाची चूक नाही. जयराम मला विचारल्याशिवाय मोठं काही करत नाही. पण आज चष्मा शोधताना मनात आलं, मी या घरात नेमकी कुठे आहे? चष्मा फ्रीजवर. ट्रंक अंकिताच्या पलंगाखाली. साड्या वर्षाच्या कपाटात, खालच्या खणात. आणि मी, सगळे उठून गेले की वसरीत.

स्वयंपाकघरामागे कोठीची खोली आहे. भाताची पोती, नारळ, जयरामच्या जुन्या ट्रकचे टायर. टायरना दार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बोलले. जेवताना, सगळे होते तेव्हा. "माका ती कोठीची खोली व्हयी."

जयरामला आधी कळलंच नाही. सामान ठेवायला का, विचारलं. राहायला, म्हटलं. मग त्याचा घास हातातच राहिला. आत्ताच तर सोफा आणला. कोठीत उजेड नाही, वारा नाही. मी म्हटलं, खिडकी पाडून घेऊ, गवंडी घरात आहेच. तो दुखावला. "ताई, आमी तुका काय कमी केलां? बहिणीक कोठीत घातली म्हणतले लोक."

"लोक वसरीत येतत, जयराम. कोठीत कोण येवचो नाय."

 साईश ताटात बघत राहिला. वर्षा उठली आणि भांडी घासायला लागली — अजून आमची जेवणं व्हायची होती.

१७ नोव्हेंबर

वर्षा माझ्याशी बोलत नाही. चहा पुढे ठेवते आणि वळते. तिलाच नको असणार. कोठी तिच्या हाताखालची. पोती कुठे हलवायची, तिलाच बघावं लागणार.

मागे घेऊ का? नको. कायमची वसरीत राहीन मग.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी जयराम गवंड्याला घेऊन कोठीत गेला. आनंदा बेळगावकडचा, माडीचं काम तोच करतोय. खिडकीचं जनेल केवढं ठेवू, त्याने विचारलं. जयराम माझ्याकडे न बघता म्हणाला, तिला विचार.

मी हात पसरून दाखवलं. एवढं. आनंदा म्हणाला, मावशी, याहून मोठंही होईल. मग आणखी पसरले.

जयराम पाठमोरा उभा होता. रागावलाय की काय कळेना. थोड्या वेळाने स्वतःच टायर उचलून बाहेर नेले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खोली झाली. पलंग डिचोलीच्या बाजारातला, साधा. मेजही. भिंतींना चुन्याचा वास येतोय अजून. जनेलातून फणस दिसतो आणि त्यामागे शेजाऱ्यांची गाय. ट्रंक साईशने आणून ठेवली. साड्या मी काढून आणल्या. वर्षाच्या कपाटातला खण रिकामा झाला, तर तिने त्यात लगेच जयरामचे स्वेटर भरले.

भाताची पोती आता स्वयंपाकघरात, चुलीशेजारी. वर्षाला अंग चोरून वावरावं लागतं. दिसतं मला ते. माफी मागावी असं वाटतं, पण तिच्या तोंडाकडे बघून धीर होत नाही. घेतलेली जागा कुणाच्या तरी वाटणीतून येते, हे दुकानात कळलं नव्हतं.

दुपारी दार लावून बसले. कुणी हाक मारली नाही. वेळ जाता जात नव्हता, आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

३ डिसेंबर, बुधवार

आज कारखाना बंद. जेवणं आटोपल्यावर वर्षा दारात आली. हातात तिची उशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "वन्सं, थोडो वेळ दार लावन पडतंय. कोणी इचारल्यान तर सांगा, नाय म्हणान."

मी बाहेर येऊन चौकटीशी बसले. आतून कडी लागली.

जयराम दोनदा विचारून गेला. नाही म्हटलं.