एका गादीवरचे दोघे

बोईसर

सौ. सोजराबाईस झुंबरचा आशीर्वाद.

मी आणि आपला मनीष सुखरूप आहोत. माझा गुडघाही बरा आहे. शेळी व्याली का?

इथल्या भांडणाचं तुझ्या कानावर आलंच असेल. आमच्या गल्लीत काही झालेलं नाही, फक्त नाक्यावर पोलिसांची गाडी उभी असते.

खोलीत गादी एकच आहे. मनीष दिवसपाळीला निघाला की बिहारचा शमशाद रातपाळीहून येऊन तिच्यावर झोपतो. कारखान्यात ठेकेदाराने इथली जुनी पोरं काढून कमी मजुरीवर शमशादसारखी बाहेरची आणली. ठेकेदाराला विचारायची कुणाची छाती नाही, म्हणून राग पलीकडच्या गल्लीतल्या त्या बाहेरच्या पोरांच्या खोल्यांवर निघाला. आता त्यालाच धर्माचं भांडण म्हणतात.

काल नाक्यावरची पोरं दारात आली. "मन्या, त्या मुसलमानाला हाकल, नायतर आमच्यात येऊ नको." मनीषने नुसतं दार लोटून घेतलं. त्याच्या मनात काय आहे ते मला कळेना. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी शमशाद दाराबाहेरच थांबला. "चाचा, मैं कहीं और देख लूँ?"

मनीषने हातातला डबा खाली ठेवला. रोजच्यासारखी चादर झटकली, उशी उलटी केली आणि म्हणाला, "सो जा रे, मेरी बस जाएगी."

शमशाद आता घोरतो आहे. मी आतून कडी लावून बसलोय.

मनीषला येताना नाका ओलांडावाच लागतो. संध्याकाळी मी बसथांब्यावर जाऊन उभा राहीन. तेवढं चालायला गुडघा बरा आहे.

कुणी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हण. दिवा लावशील तेव्हा दोन्ही पोरांचं नाव घे.

झुंबर