तिसरा फोटॉन आणि अडत्या

अकोला, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

आजही सरांनी माझ्या प्रबंधावर सही केली नाही. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

परवा सेमिनारमध्ये मी सांगत होते, एका फोटॉनची अवस्था दूरच्या दुसऱ्या फोटॉनवर उमटते, पण तिसऱ्या फोटॉनवाल्यानं आपलं मोजमाप कळवलं तरच. दर्यापूरच्या एका पोरीनं विचारलं, "तो तिसरा देत नाई, घेत नाई, मंग पायजे काहून?"

"अडत्या समज," मी म्हणाले. हॉल हसला.

सरांच्या घरी तीन पिढ्या कापसाची अडत, शेतकरी आणि व्यापाऱ्याच्या मधली दलाली. मला माहीत नव्हतं? होतं.

आज म्हणाले, "भर हॉलमध्ये माफी माग, मंग सही करतो."

प्रबंध माझा, जायचा अमरावतीला विद्यापीठात, आणि मधे सर टोपण लावलेलं पेन धरून बसलेत. माफी कशाची? उदाहरण चपखल निघालं, एवढंच माझं चुकलं.