चौदा थाऊची फट

पुणे, दि. ४ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,
पौर्णिमाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. रविवारी आपण दोघं फोनवर इतकं ओरडलो की शेजारच्या खोलीतल्या मुलींनी दार वाजवून विचारलं, घरी कोणी गेलं का. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होईल. शिवाय कामाचं जे असेल ते लिहून द्या, तोंडी कामाला दुकानात जागा नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. घ्या मग लिहून.

मधुकररावांच्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या दोन टोकांमधला गॅप तुम्ही चौदा थाऊच ठेवला, असं विवेकने कळवलं. मी अठ्ठावीस लिहून पाठवलं होतं. तुम्ही माझा कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि चौदा केलं. चौदा थाऊ म्हणजे इंचाच्या हजार भागांतले चौदा, जेमतेम एका पोस्टकार्डाच्या जाडीची फट. ट्रकला ती चालते. वडनेरच्या ट्रॅक्टरवाल्यांना तर ती फारच आवडते. पण हे साडेसात लिटरचं, आठ पिस्टनचं जुनं अमेरिकन इंजिन आहे. त्याला पाव मैल जीव तोडून पळायचं आहे आणि वरून मधुकररावांनी नायट्रस गॅसची बाटली जोडली आहे. त्या गॅसने आत केवढी उष्णता होते ते मी इथे कंपनीत रोज इंजिनं तपासायच्या खोलीत बघते. रिंग तापली की लांबते. फट संपली की टोकाला टोक भिडतं, रिंग सिलिंडरला धरते आणि पिस्टनचं डोकं फुटतं. सांडलेल्या तेलावर गाडीचीच मागची चाकं येतात. त्या वेळी गाडी ताशी दोनशेवर असेल आणि आत विवेक असेल, माझा भाऊ.

विवेकने कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "इंजिननं धूर फेकला तं चौकात तोंड कसं दाखवू मी?" हे वाचून माझं डोकंच फिरलं. फट मोठी ठेवली तर थंड इंजिन सुरुवातीला जरासा धूर टाकेल, गरम झाल्यावर बंद होईल. एवढ्या धुरासाठी तुम्ही पोराला डावावर लावलं आहे. रिंगा घासायला मला सातवीच्या सुट्टीत तुम्हीच शिकवलं. घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून आधी मोज, हेही तुम्हीच सांगितलं. इथे तर घासायचंच बाकी आहे. चार दिवसांचं काम आहे.

आईला जयभीम. लोभ असला तर असू द्या, नसला तरी इंजिन खोला.

आपली,
पौर्णिमा

०

जाम, दि. ११ डिसेंबर २०२५

चि. पौर्णिमास,
भैयाजीचे अनेक आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र पोस्टमनने दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर हातात दिलं. पोरीचं पत्र आलं म्हणून सगळ्यांना कौतुक. काय लिहिलं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, तब्येत विचारली आहे. खोटं बोलायची वेळ तू माझ्यावर आणलीस, हे पहिलं.

दुसरं. या चौकात मी पस्तीस वर्षं इंजिनं बांधतो. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारे ड्रायव्हर जामला थांबून माझं नाव विचारतात, ते माझ्या मिश्या पाहायला नाही. नवं इंजिन चालू केलं की मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरतो आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात देतो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. डाग पडलेला रुमाल मी आजवर कोणाला दिलेला नाही. शनिवारी मधुकररावांचं इंजिन चालू केलं. समोरच्या ढाब्यावर पातेल्यांची झाकणं वाजायला लागली. अर्धा चौक गोळा झाला होता. रुमाल धरला, जसा होता तसाच पांढरा राहिला. मधुकररावांनी माझ्या गळ्यात हार घातला. खडी क्रशरवाला माणूस आहे, हार घालायची त्याला सवय नाही, माझ्या चष्म्यावरच पडला.

तू म्हणशील बाबा ऐकत नाहीत. तेलाचं पॅन खोल करून आत पडदे घातले, ते कोणाच्या सांगण्यावरून? रॉडचे बोल्ट सगळे नवे घेतले, जुना एक वापरला नाही. बेअरिंगला तू म्हणालीस तेवढी ढील दिली, मन मानत नव्हतं तरी दिली. तुझ्या बारा गोष्टी ऐकल्या, एक माझी ठेवली. ताकद तर कोणीही काढतो. इंजिन टिकतं ते आतल्या घट्टपणाने, हे मी कोणत्या कंपनीत शिकलो नाही, हात काळे करून शिकलो.

इंजिन खोलणार नाही. चौकाने पाहिलेलं इंजिन परत खोललं तर उद्या ट्रकवाले मलाच विचारतील की काय राहून गेलं होतं. १८ जानेवारीला, रविवारी, शर्यतीत विवेकच चालवील. तू सुट्टी काढून टाळ्या वाजवायला ये, नाहीतर येऊ नको.

जेवण वेळेवर घेत जा. राग उतरला की खुशाली कळव.

तुझा बाप,
भैयाजी

०

जाम, दि. २० डिसेंबर २०२५

प्रिय ताईस,
विवेकचा जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात तू मला गाढव म्हटलं आहेस, दुसऱ्यात लेका. दुसऱ्याची जास्त भीती वाटली.

तू सांगितल्याप्रमाणे मी काल बाबांना सरळ सांगितलं की रिंगा बदलल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. मधुकरराव समोरच होते. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटलं पाना फेकून मारतात. पण ते अगदी हळू म्हणाले, "ठीक हाये. मी बसतो मंग. माह्या इंजिनावर माहा भरोसा हाये." आणि खरंच मधुकररावांच्या कारकुनाला फोन करून चालवणाऱ्याचं नाव बदलायला सांगितलं.

आता तूच सांग. वय एकसष्ट, साखर अडीचशेच्या वर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी तासाभराने जाऊन म्हणालो, मीच बसतो, राहू द्या. त्यांना इतका आनंद झाला की मला जिलेबी आणली. मला त्या जिलेबीचा फार राग आला, तरी खाल्ली.

ताई, मला गाडी चालवायची हौस आहे, हे खोटं नाही. गॅसचं बटण दाबलं की पाठ सीटला चिकटते, ते तुला पुण्यात बसून कळणार नाही. पण परवा त्याच हौसेची मला पहिल्यांदा भीती वाटली. गॅस चालू करून दोनदा थोडं थोडं पळवून पाहिलं. दुसऱ्या वेळी इंजिन एक क्षण अडखळल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, पेट्रोलमध्ये कचरा असेल. फिल्टर साफ होता.

तू मला शिव्या देणं थांबवू नकोस, त्याने बरं वाटतं. माया अशीच ठेव.

तुझा,
विवेक

०

जाम, दि. ३० डिसेंबर २०२५

चि. पौर्णिमास,
आई धुरपताचा जयभीम आणि आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. सातवीनंतर लिहायचं कामच पडलं नाही. पण तुम्ही तिघं महिनाभर माझ्या डोक्यावरून पत्रं पाठवता आणि मला विचारलं तर सगळे म्हणतात काही नाही. म्हणून विवेकला दम देऊन आलेली सगळी पत्रं वाचून घेतली. मला त्या थाऊचं काही कळत नाही. तीन माणसं खोटं बोलत आहेत, एवढं कळलं.

काल सकाळी मधुकररावांच्या क्रशरच्या रस्त्यावर गाडी पळवून पाहायची होती. मी डबा घेऊन गेले. विवेक टायरची हवा बघत होता, तुझे बाबा गाडी गरम करायला चाकामागे बसले होते. बाजूची सीट अजून काढलेली नाही. मी डबा खाली ठेवला आणि जाऊन बसले. त्यांना वाटलं गंमत करते. मी म्हणाले, "तुमचा भरोसा हाये ना? मंग उघडा थे बाटली, अन् मले घेऊन पळवा गाडी."

त्यांनी पट्ट्याला हात लावला, बटणाला हात लावला, परत घेतला. मग म्हणाले, "तू उतर."

मी विचारलं, "काऊन?"

बाई, मी उतरले नाही. तेच उतरले. चालत चालत दुकानाकडे निघून गेले, डबा तिथेच राहिला. मला इतका राग आला होता की मी तो डबा मधुकररावांच्या कुत्र्याला घातला.

आज सकाळी गाडी दुकानात आणली आहे. शटर अर्धं खाली आहे आणि आतून पान्याचा आवाज येतो. मी चहा नेऊन दिला.

तू जिवाला जप. आमचा विचार करून वाळू नकोस.

तुझी आई

०

जाम, दि. २ जानेवारी २०२६

चि. पौर्णिमास,
आशीर्वाद, जयभीम.

दोन्ही हेड काढले, पिस्टन बाहेर काढले. सहा नंबरच्या वरच्या रिंगची दोन्ही टोकं चकाकत होती. एकमेकांना भिडून घासली होती. सात नंबरचीही थोडी. दोनदा थोडंसं पळवलं तेवढ्यात ही गत. पाव मैल पूर्ण पळवलं असतं तर काय झालं असतं ते तू लिहिलंच होतंस. सिलिंडर वाचले आहेत, ओरखडा नाही.

सोळा रिंगा मी स्वतः घासल्या. अठ्ठावीस. प्रत्येक सिलिंडरमध्ये बसवून तीनदा मोजली. विवेकने मोजलेलं वेगळं लिहून ठेवलं आहे, तुला पाठवीन. काल चालू केलं तर थंड असताना धूर आला. ढाब्यावरचा पोरगा आदेश हसला. मधुकररावांनी विचारलं, हे काय. मी त्यांना सांगितलं, आधीची चूक माझी होती, पोरीचं माप बरोबर होतं. मी रुमाल त्यांना दिला नाही.

हे सगळं मी विवेकच्या हातून कळवलं असतं, पण पुढचं त्याला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो. तुझी आई बाजूला बसली तेव्हा माझा हात चालला नाही. उतर म्हणालो. तिने काऊन विचारलं, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. इंजिन फुटेल, हे उत्तर होतं. म्हणजे मला माहीत होतं. कधीपासून, ते आता सांगता येत नाही, पण तुझा कागद खिशात ठेवला तेव्हापासून असावं. मी स्वतः बसायला तयार झालो, ते मला सोपं गेलं. तिला बसवता आलं नाही. पण पौर्णिमा, विवेकला मी एकदाही उतर म्हणालो नाही. तो बसतो म्हणाला तेव्हा जिलेबी आणली.

माझा स्वतःवरचा राग जात नाही. तू तर रागावलेली आहेसच, अजून रागाव. तेवढं मला सोसेल.

तुझा,
बाबा

०

पुणे, दि. ७ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

विवेकने पाठवलेली मापं पाहिली. पाच नंबरची दुसरी रिंग एकोणतीस दाखवते, ती चालेल. इंजिन आता टिकेल. यापुढे त्या इंजिनाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुमचं पत्र मी कामावर जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तुम्ही माझ्याकडे राग मागितला आहे. तो भरपूर आहे, पण या वेळी मी देणार नाही. माझ्या शिव्या खाल्ल्या की तुम्हाला हलकं वाटेल, आणि विवेक मात्र काही न कळता अठरा तारखेला हसत हसत त्या गाडीत बसेल. त्याला अजून वाटतं की बापाची चूक झाली आणि बापाने सुधारली. तुम्हाला माहीत होतं, हे त्याला माहीत नाही.

तुम्ही ते मला लिहिलं, कारण मी दूर आहे आणि माझ्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ते पत्र खरं तर विवेकसाठी आहे, म्हणून याच पाकिटात परत पाठवते. त्याला वाचायला देऊ नका. समोर बसवा आणि तुमच्या तोंडाने सांगा. मग गाडीत बसायचं की नाही ते त्याचं तो ठरवील.

सतराला सकाळी मी जामला उतरते. घरात आल्यावर आधी त्याचा चेहरा बघेन. तुम्ही सांगितलं की नाही ते मला विचारावं लागणार नाही.

आईला जयभीम. माझी माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं, हे समजून घ्यावं.

आपली,
पौर्णिमा

सोबत : आपलं २ जानेवारीचं पत्र.