डाव्या हाताचं बोट

सक्करदरा, नागपूर
रविवार

बाबा, तुमाले अन् आईले पाया पडते.

मी मजेत आहो. मेसचं जेवण बरं असते. फोनवर आई स्पीकर लावते, म्हणून हे पत्र तुमच्या नावानं. तुम्हीच वाचा.

गिटार चांगली चालून राहिली. लॅटिन रॉकमध्ये खाली ढोलाचा ठेका नाचवते, अन् वर गिटारनं माणसासारखं गायचं असते. मी आपली भराभरा बोटं पळवत होती. सर म्हणत, “काहून पळून राहिली वं? एकच सूर धर. तारेवर बोट हलव, त्याले थरथरू दे.” चार महिने जमलं नाही.

परवा जमलं. सूर असा थरथरला की सरांनी डोळेच मिटले. म्हणाले, “हे शिकवून येत नाही.” त्यांच्या बॅण्डमध्ये घेतलं मले. आईले एवढंच सांगा.

पण बाबा, मी बोट हलवलंच नव्हतं. मी त्याले थांबवून पाहत होती.

काल जेवताना डावा हात मांडीवर होता. तेव्हाही ते हाललं. करंगळीजवळचं.

तुमच्या गोळ्या वेळेवर घेता ना? मागावर कापड झाकून ठेवलं का?

एक विचारायचं होतं. विणताना तुमच्या हातून धोटा सुटायला लागला, त्याच्या आधी पहिले हेच बोट हाललं होतं का जी? लिहिता येत नसन तर फोनवर नुसतं हो का नाही म्हणा. आईले वाटन, जेवले का म्हणून मी विचारलं.

तुमची,
काजल