राहत्या घराचं मोजमाप

तीर्थस्वरूप वहिनींस,
धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

तुमची पाठदुखी आता बरी असेल, दादाचं घोरणं बरं नसेल आणि दोन्ही पोरं नेहमीप्रमाणे एकमेकांच्या जिवावर उठलेली असतील, असं धरून चालतो. कानातलं नवं यंत्र आई लावते की डब्यात जपून ठेवते, तेही कळवा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. (माझी पत्रं तुम्ही सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवता, हे मला ठाऊक आहे. इथपर्यंत वाचलंत तर हरकत नाही. पुढचं मनात वाचा, आणि आईने विचारलंच तर ऑफिसच्या कामाचं काहीबाही लिहिलंय म्हणून सांगा. ते तसं खोटंही नाही.)

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा मी आवाज नीट येत नाही म्हणून सुटका करून घेतली. आता सांगतो. घरातले फोन, कानात घालायची बिनतारी यंत्रं, दूध तापवायचा मायक्रोवेव्ह, पोरांची रिमोटची गाडी, ही सगळी मंडळी एकाच हवेत वावरतात आणि एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. आपल्याकडे जेवताना होतं तेच. कोण कुणाच्या बोलण्यात किती तोंड घालतं, हे मोजणारी साबणाच्या वडीएवढी पेटी आमची कंपनी बनवते. पेटी बॅटरीवर चालते, आणि सारखं कान टवकारून बसलं की बॅटरी संपते. ती वाचवायची युक्ती मी काढली. आजूबाजूला काही बदललं नसेल तर पेटीने दहा मिनिटं झोपावं, उठून ऐकावं, तरीही सगळं तसंच असेल तर वीस मिनिटं झोपावं, मग चाळीस, असं वाढत जास्तीत जास्त सहा तास. ठरावीक वेळाने होणारी गडबड बदल म्हणून धरायचीच नाही. उठल्यावर नवीन काही कानावर पडलं, तर मात्र पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात. साहेब म्हणाले, "युक्ती बरी आहे, पण घरात चालते का बघू," आणि त्यांनी स्वतःसकट आम्हा सहाजणांना एकेक पेटी महिनाभर घरी ठेवायला दिली.

साहेबांच्या पेटीची बॅटरी बाराव्या दिवशी संपली. (त्यांच्या घरी तीन मुलं, एक मुक्कामाला आलेली मावशी आणि पाच फोन आहेत.) बाकीच्यांच्या पेट्यांनी तिसऱ्या आठवड्यात माना टाकल्या. माझी महिनाअखेरीस सत्त्याण्णव टक्के भरलेली. ऑफिसात टाळ्या पडल्या, साहेबांनी पाठ थोपटली आणि माझा अहवाल थाटात मोठ्या ऑफिसला गेला. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी तिथल्या तपासनीस बाईंचा शेरा आला, की सदर मोजमाप रिकाम्या जागेतील दिसते, तरी राहत्या घरातील मोजमाप पाठवावे, अन्यथा योजना रद्द समजावी.

वहिनी, मी तिथे राहतो. दारावर माझी पाटी आहे, दोरीवर माझे कपडे आहेत. नोंदी काढून बघितल्या तेव्हा उलगडा झाला. मी सातला दूध तापवतो, आठ वाजून दहा मिनिटांनी निघतो, सहाला परततो, साडेनऊला फोन उशाशी ठेवून आडवा होतो, आणि यात एका मिनिटाचा फरक पडत नाही. चार दिवसांतच पेटीने माझ्याच नियमाने मला खोलीच्या सामानात जमा केलं. आणि मी सोडून तिथे नवीन काही घडलंच नाही. महिन्याभरात एकही परका फोन उंबरठ्याच्या आत आलेला नाही. मला वाईट वाटलं. म्हणजे, माहीत होतंच, पण आलेखावर ती सरळ रेघ बघितल्यावर वाटलं. (आईशी फोनवर बोलताना मागून मित्रांचा जो गलका ऐकू येतो, तो रेडिओ असतो. रागावू नका.)

मग मी राहता माणूस दिसण्याच्या खटपटीला लागलो. पेटी तोवर सहा-सहा तास झोपू लागली होती. रविवारी दुपारी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो आणि ती उठायच्या बेताला मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापत ठेवलं. पेटी दचकली, दहा मिनिटांनी पुन्हा उठली, म्हणून मी पुन्हा पाणी तापवलं. असं अकरा वेळा झाल्यावर तिने हेही ठरावीक म्हणून सोडून दिलं, आणि माझ्याकडे घरातली सगळी भांडी भरून कोमट पाणी जमलं. शेवटी पुढच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला वर बोलावलं. त्याच्याकडे दोन फोन आणि कानातलं बिनतारी यंत्र, म्हणजे माणूस एक पण गडबड तिघांची. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून आला, खुर्चीत बसला आणि आधी त्याने दोन्ही फोन बंद करून कानातलं काढून खिशात ठेवलं. म्हणाला, "दुकानात दिवसभर डोकं उठतं हो. कुणीतरी नुसतं गप्पा मारायला बोलावलंय, तर नीट बोलू या." आता त्याला फोन चालू करा म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? आम्ही अडीच तास बोललो. त्याच्या बायकोच्या दुखण्याबद्दल, काज करायच्या मशीनबद्दल, मुलगा पत्र लिहीत नाही त्याबद्दल. जाताना त्याने सवयीने टेप काढून माझी छाती मोजली आणि मागच्या शर्टापेक्षा इंचभर उतरलात म्हणाला. पेटी मधे एकदा उठली होती. तिने खोली रिकामी असल्याची नोंद केली आणि पुन्हा ताणून दिली.

बाकी इकडे नवीन काही नाही, हे आता तपासनीस बाईंच्या सहीनिशी सांगता येतं. दादाला नमस्कार. पोरांना एकेक धपाटा आणि एकेक पापा, क्रम तुम्ही ठरवा.

आपला,
धाकटा दीर

ता. क. १ : पत्र लिहायचं कारण राहिलंच. योजना वाचवायची तर राहतं घर हवं, आणि माझ्या माहितीतलं सगळ्यात जास्त राहतं घर तुमचं. तेव्हा सगळे आठ दिवस इकडे या. दादाचे दोन्ही फोन, रिमोटच्या गाड्या, झाडून सगळी यंत्रं आणा. पोरं खाटेवर नाचली तरी मी चकार शब्द काढणार नाही. जास्तीच्या गाद्या आणून ठेवल्या आहेत.

ता. क. २ : दादाला "बघू" असं लिहायला देऊ नका. त्याचं "बघू" माझ्याकडे मागच्या चार पत्रांत आहे.

ता. क. ३ : लिफाफा चिकटवून परत उघडला. योजना मागच्या सोमवारीच मंजूर झाली. साहेबांनी आपल्या घरची बारा दिवसांची नोंद पाठवली. माझ्या युक्तीशिवायची जुनी पेटी तिथे पाचव्या दिवशीच संपायची, तेव्हा बारा दिवस पुष्कळ झाले म्हणून बाईंनी होकार दिला. माझी पेटी परत नेली, टेबलावर तिच्या जागी आता काही नाही. म्हणजे कामासाठी तुमची गरज उरलेली नाही. गाद्या मात्र खरोखरच आणल्या आहेत. यंत्रं सगळी घरी राहिली तरी चालतील, तुम्ही या.