बोक्यासाठी अंडं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही बोका जेवला नाही. भात हुंगला, तोंड फिरवलं आणि दाराशी जाऊन पडला.

कुत्र्याचं नाव बोका ठेवणारा माझा लेक! "आई, हाक मारली की गल्ली हसली पाहिजे." तो देवाघरी गेल्यापासून त्या हाकेला गल्लीत कुणी हसत नाही. सूनबाई माहेरी जाताना बोक्याला इथे सोडून गेली. "मला त्याच्याकडे बघवत नाही, आई." मला तरी कुठे बघवतं!

४ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याचं पोट चाचपलं, रक्त तपासलं. आजार नाही म्हणाल्या. "शोक आहे. पण असाच राहिला तर हातचा जाईल. अंडं देऊन बघा."

अंडं! या घरात! हे म्हणाले, "जन्मभर पाळलं ते कुत्र्यापायी बुडवायचं?" मी म्हटलं, देवाने पोरगा नेला तेव्हा आपला नेमधर्म बघितला होता का?

बोलून गेले. मग देवापुढे नाक घासलं.

५ फेब्रुवारी

अंडी आणली. हिशेबात 'अंडी' लिहायला हात होईना. 'औषध' लिहिलं.

जुनं पातेलं गॅलरीत स्टोव्हवर ठेवलं. शिजलं का बघायला बटाट्यासारखी सुरी टोचली — फट्! पिवळं-पांढरं सगळं पाण्यात. शेजारीण हसून हसून कठड्याला टेकली. "काकू, अंडं आहे ते! टोचताय काय?" मग एकदम हसू आवरलं बिचारीने. आमच्याकडे हसायचं की नाही, लोकांना कळत नाही हल्ली.

दुसरं तिने सांगितलं तसं, आतून घट्ट होईस्तोवर उकडलं. हे पेपराआडून — "कच्चंच फोडून घालतात. पैलवान पितात." मोठे आले अंड्यातले जाणकार! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: कच्चं नाही, मीठ-तेल नाही, कांदा तर मुळीच नाही. टरफल काढून, बारीक करून, आधी चमचाभरच, उलटी-खाज होते का बघायला. सवयीने मिठाकडे गेलेला हात मागे घेतला.

बोक्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी

आज तळहातावर घेऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसले. वासामुळे नाकाला पदर लावला. देवाचं नाव घेत राहिले. हात अवघडला. आणि एकदम जीभ लागली — ओली, गरम! चाटूनपुसून साफ! मी रडले, तर त्याने तेही चाटलं.

उलटी नाही. खाज नाही. देवा!

११ फेब्रुवारी

आता अर्धं पचतं, भातही खातो. आज यांनी न सांगता टरफल सोलून दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईचा फोन. मी हौसेने सांगितलं — बोका जेवतो गं, जिनासुद्धा चढतो! पलीकडे नुसतं रडणं. मग — "आई, बोक्याला मी घेऊन जाऊ? तुमच्या लेकाचं माझ्याजवळ काहीच उरलं नाही हो."

ये म्हटलं. अंडं कसं उकडायचं तेही सांगितलं.